बिरूची नादारी

१

बिरूला इंग्रजी शाळेच्या दारातून परत पाठवलं, ही बातमी निरवांगीत बिरूच्या आधी पोचली. बारामतीच्या पेठेत गूळ घालून परतणाऱ्या गाडीवानानंच त्याला गाडीत घेतलं होतं. पण वेस दिसताच पोरगं खाली उतरलं आणि ओढ्याकडच्या आडवाटेनं निघून गेलं. गाडी मात्र सरळ देवळापुढच्या पारापाशी येऊन थांबली.

"नादारी गेली," गाडीवान म्हणाला. "शाळेचे लोक म्हनले, चौकशीत घर सुखवस्तू निघालं."

 बिरूच्या आईचं, धोंडाबाईचं घर सुखवस्तू! नवरा गेल्यापासून दुसऱ्याच्या रानात खुरपणारी बाई ती. घराच्या एका भिंतीला कूड, दुसऱ्या भिंतीला देवाचा आधार.

नादारी म्हणजे फीमाफी. बारामतीच्या त्या खासगी शाळेत कालव्याच्या गावांतल्या एका गरीब पोराला दर साली ती मिळत असे. प्रयागबाई नावाच्या एका गुळाच्या व्यापाऱ्याच्या विधवेनं त्यासाठी ठेव ठेवली होती. शिकणं फुकट, राहणं-जेवणं प्रयागबाईंच्या घरी. उन्हाळ्यात परीक्षा झाली, तीत बिरू पहिला आला होता. इंग्रजी पहिलीला वयाची अट होती आणि बिरूला हे शेवटचं साल होतं. यंदा हुकलं ते कायमचं हुकलं.

"मग ही चहाडी केली कुणी?" कुणीतरी विचारलं.

परीक्षेत दुसरा आला होता गेणू, हिंदुराव पाटलांचा पुतण्या. साऱ्या माना हळूहळू पाटलांच्या घराकडं वळल्या.

त्या आठवड्यात देवळात मोहनबुवांची कीर्तनं चालू होती. बुवा इंदापूरचे हरिदास. गळा असा की ऐकणाऱ्यानं दिवसभराचं ओझं उतरवून ठेवावं. पण डोळे गळ्याहून तल्लख. पळसदेवच्या देवळातली समई चोरीला गेली, तेव्हा बुक्का लावून घ्यायला आलेल्यांच्या हातांचा नुसता वास घेऊन त्यांनी चोर सांगितला होता. तेव्हापासून गावोगावचे लोक त्यांच्यापुढं अभंगाबरोबर अडचणीही ठेवत.

धोंडाबाईची शेजारीण छबूबाई पदर खोचून देवळात आली. तिला मूलबाळ नव्हतं. बिरू अर्धा तिच्याच चुलीपाशी वाढलेला.

"बुवा, तुमी देवाची मानसं. ज्यानं पोराचा घास काढला त्याला हुडका. हुडकून चारचौघांत हुबा करा. मग मी हाय न् त्यो हाय!"

"बाई, सापडल्यावर राग आवरेल का?"

"राग आवरायला त्यो काय माझा जावई हाय?"

बुवा हसले आणि त्यांनी होकार दिला. पुढं कितीतरी दिवस त्यांना वाटत राहिलं, की तो होकार दिला नसता तर बरं झालं असतं.

२

हिंदुराव पाटील ओसरीवर पान जुळवत बसले होते. बुवांना त्यांनी उठून बसायला दिलं, पण सुपारीचा अडकित्ता काही खाली ठेवला नाही.

"इचारा बुवा. गाव इचारतंय ते तुमी बी इचारा."

"गेणूला परीक्षेला का बसवलंत, पाटील? तुम्हाला फीमाफी कशाला हवी?"

"हौस. पोराला कळावं आपन कुठं हाय. नादारी मिळाली असती तरी घेतली नसती. पाटलाचं पोर फुकट शिकतंय म्हनून लोकांनी माझ्या मिशा वढल्या असत्या." पाटलांनी पान तोंडात टाकलं. "चौकशीला बारामतीचं कुनीतरी येऊन गेलं म्हनं. मी त्या दिशी इंदापूरला कोर्टात. परत आलो तर पाव्हना गेलेला. मला तर तोंड बी दिसलं न्हाय."

"बिरू-गेणूचं पटतं का?"

"एका पाटीवर दोघं लिहितात. अर्धी ह्याची, अर्धी त्याची."

पाटलांचं बोलणं खरं वाटत होतं. पण खोटं बोलणाराही खरंच वाटेल असं बोलतो, हे बुवांना कीर्तनातल्या कपटी राजांनी शिकवलं होतं.

दुसरा संशय होता बिरूच्या चुलत्यावर. म्हस्कू त्याचं नाव. यंदा त्याचं गुऱ्हाळ लांबलं होतं. घामानं न्हालेला म्हस्कू चुलाणापुढून उठलासुद्धा नाही.

"व्हय, मला पोरगं हवं व्हतं कामाला. हजारदा बोललो हाय वैनीला, त्यात काय लपवायचं? शिकून कारकून हुनार न् मला वळखनार न्हाय. पर चहाडी कराया बारामतीला जायाचं म्हंजे हितला जाळ कुनी बघायचा? तुमी?"

बुवा म्हणाले, "मी बघितला तर गूळ करपेल."

"मग झालं तर!"

बुवा देवळात परतले तर बायकांची वेगळीच लढाई चाललेली. आळीतली बानूबाई छबूबाईच्या अंगावर धावून जात होती.

"माझ्या घंगाळाला पोचा कुनी पाडला? लगनातलं घंगाळ हाय माझं!"

"देवळात काय घंगाळ काढतीस गं?" छबूबाईनं तिला दटावलं. "बुवा आलं, गप बस!"

बानूबाई गप्प बसली. पण इतकी लगेच की बुवांनी दोघींकडं एकदा नीट पाहून घेतलं.

मग ते धोंडाबाईकडं गेले. तिनं बुवांना जर्मन धातूच्या वाडग्यात चहा दिला आणि आपण नारळाच्या करवंटीत घेतला. तेवढा एकच वाडगा होता घरात. चुलीशेजारी तीन मडकी, खुंटीवर एक घोंगडं. बिरू कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसलेला. बुवांनी हाक मारली तरी वळला नाही.

"चौकशीला आले ते काही टाकून बोलले का?"

"छ्या! लई गोड बोलनं. चा घेतला, पोराच्या पाठीवरनं हात फिरवला, गेलं. मला वाटलं, झालं काम." तिनं डोळ्यांना पदर लावला.

अंगणात एक जाडजूड खुंटा ठोकलेला होता आणि त्यावर धोंडाबाईचं धुतलेलं लुगडं वाळत होतं. खुंट्याची साल तशीच होती. दाव्यानं घासलेली खूण फारशी नव्हती.

"जनावर होतं का दारात?"

धोंडाबाईनं मान खाली घातली. "न्हाय... असाच हाय त्यो."

त्या संध्याकाळी बुवांच्या हातून चूक घडली. हाती धागा नव्हता, मन तळमळत होतं. पूर्वरंग रंगात आला असताना ते बोलून गेले, "ज्यानं गरिबाच्या पोरापुढचं पान ओढलं, त्यानं देवापुढं येऊन सांगावं. देव दयाळू आहे." त्यांच्या मनात कुणाचंच नाव नव्हतं. पण देवळातला एकेक माणूस वळून पाटलांकडं बघू लागला. पाटील उठले आणि कीर्तन अर्धवट टाकून निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून पाटलांच्या उसात पाणी धरायला कुणी जाईना. त्यांच्या घरच्या बाईला पाणवठ्यावर कुणी बोलेना. आणि त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी ओढ्याकाठी पोरांनी गेणूला घेरलं. दगड आला तो नेमका कपाळावर.

दगड मारणारा बिरू होता.

३

बुवा दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं बारामतीला निघाले. वाटेत गाडीवान गप्पा मारत होता, बुवा नुसते हूं हूं करत होते. गेणूच्या कपाळाला हळद दाबणारे पाटील त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते. 

शाळेचे चिटणीस मानसिंगराव यांनी बुवांना ओळखलं. बारामतीत त्यांनी बुवांचं कीर्तन ऐकलं होतं.

"निरवांगीच्या चौकशीला कोण गेलं होतं?" बुवांनी विचारलं.

"मीच. आम्ही आगाऊ फक्त त्या घरी निरोप धाडतो, पाटील-कुलकर्ण्यांना नाही. नाहीतर शिफारशी सुरू होतात."

"आणि तुम्हाला त्या घराबद्दल कुणी कान भरले?"

"बुवा, कान कशाला भरायला हवेत? डोळ्यांनी पाहिलं ना मी!" मानसिंगराव थोडे चिडले. "ओसरीवर जाजम. चुलीशेजारी पितळेची उतरंड छताला टेकेल अशी. तांब्याचं लखलखीत घंगाळ. चहा कपबशीतून. दारात म्हैस. असलं घर आमच्या प्रयागबाईंच्या ठेवीत बसवलं असतं तर त्यांना मी काय तोंड दाखवलं असतं?"

बुवा एकदम पुढं सरकले. "म्हैस. ती धोंडाबाईच्या हाताला सवयीची होती का?"

"छे! बाई वैरण टाकायला गेली तर शिंगं उगारली तिनं. शेजारची एक बाई धावत आली, ‘हो गं माझी माय’ म्हणाली, तेव्हा शांत झाली. मला वाटलं, नवी विकत घेतली असेल. म्हणजे आणखीच सुखवस्तू."

बुवांनी डोळे मिटले. एक वाडगा आणि एक करवंटी असलेल्या घरात कपबशी. साल न घासलेला खुंटा. पोचा पडलेलं घंगाळ, आणि बुवा दिसताच तो विषय टाकून गप्प बसणाऱ्या दोन बाया. मालकिणीला शिंगं उगारून शेजारणीला ओळखणारी म्हैस.

कोडं सुटलं होतं. आणि बुवांना ते पुन्हा गुंतवून ठेवता आलं असतं तर हवं होतं.

"मानसिंगराव, ते घर उसनं होतं."

त्यांनी सांगितलं. मानसिंगराव ऐकताऐकता खुर्चीत मागं रेलले. 

"मी एखादं भांडं उचलून पाहायला हवं होतं," ते म्हणाले. "आत दाणा आहे का, एवढं तरी."

"अजून बिरूला घेता येईल?"

"चला."

मानसिंगरावांनी त्यांना वर्गाच्या दारापाशी नेलं. पुढच्या बाकावर एक हडकुळं पोर बसलं होतं. मोठ्या माणसाचा सदरा अंगात, बाह्या दुमडून दुमडून जाड झालेल्या. फळ्यावरची अक्षरं ओठ हलवत वाचत होतं.

"लोणी भापकरचा संभाजी. तिसरा आला होता. गेणू सधन, म्हणून याला घेतला. बाप नाही, आई दळणं दळते. यांच्या घरी मी गेलो तेव्हा बसायला पोतं दिलं होतं. ठेव एकाचीच आहे, बुवा. तुम्ही सांगा, याला उठवू?"

संभाजीनं दाराकडं पाहिलं आणि अनोळखी माणसाला उगाच हसून नमस्कार केला.

बुवांनी हात जोडले आणि ते मागं फिरले.

"पण मग," व्हरांड्यात मानसिंगरावांनी विचारलं, "गावात गुन्हेगार कोण ठरतो?"

"तेच सांगायला जायचं आहे," बुवा म्हणाले, "आणि पाय निघत नाहीत."

४

छबूबाई गोठ्यात शेण गोळा करत होती. बुवा उंबऱ्यावर टेकले.

"घावला का, बुवा?"

"छबूबाई, म्हैस तुमचीच होती ना, त्या दिवशी धोंडाबाईच्या दारात?"

छबूबाई चपापली. "हे कुनी सांगितलं? दिलेलं बोलायचं नसतंय, बुवा. घेनाऱ्याचं तोंड काळं व्हतं."

गावाची रीतच तशी होती. पोरीला बघायला पाहुणे यायचे असले की ज्याच्या घरी काही नाही त्याच्या घरी सारी आळी भांडी नेऊन मांडायची. पाहुणे वळले की संध्याकाळपर्यंत ज्याचं त्याला परत. बोभाटा नाही, उपकार नाही. निम्म्या गावाच्या सोयरिकी अशाच जमल्या होत्या आणि कुणाच्या मानेवर ओझं राहिलं नव्हतं.

"का नेलीत भांडी?"

"का म्हंजे? बारामतीचा एवढा मोठा मानूस घर बघाया येनार. भिकाऱ्याचं घर बघून म्हनला असता, ह्यांचं पोर काय शिकनार! चांगल्या घरचं पोर असलं म्हंजे शाळा बी मान देती. गावच्या शाळेचं मास्तर असतं तर त्येस्नी इचारलं असतं, पर त्येंची बदली झालेली. मीच म्हनलं, चला गं, पोराचं नशीब हाय. बानूनं घंगाळ दिलं, कुनी जाजम दिलं, कपबशी तर मी..."

ती बोलायची थांबली. हातातलं शेण तसंच हातात राहिलं.

 तिला तिच्या वाटेनंच पोचू द्यावं, असं बुवांना वाटलं.

"ती नादारी गरिबाची व्हती," छबूबाई हळू म्हणाली.

"हो, बाई."

"आनि त्यांनी माझी म्हस बघितली."

म्हैस मागं रवंथ करत उभी होती. छबूबाईनं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ती तिथंच शेणात खाली बसली.

"धोंडाला सांगनार, बुवा?"

"मी तुमचं नाव कुठंच घेणार नाही. पण पाटलांचं काय करू? एक पोर रक्तानं माखलं, ते माझ्या बोलण्यानं. मी आज देवळात इतकंच सांगेन की पाटील निर्दोष आहेत."

"लोक म्हनत्याल, मग कोन?"

"म्हणतील."

"तवा तुमी काय सांगनार?"

बुवा उंबऱ्यावरून उठले आणि देवळाकडं निघाले.

५

कीर्तनाचं एक बरं असतं. पूर्वरंगात कोडं पडतं, उत्तररंगात सुटतं, आणि सुटलं की आरती होते. ऐकणारा निर्धास्त असतो. बुवांनी आयुष्यभर लोकांना हा निर्धास्तपणा वाटला होता. त्या संध्याकाळी चिपळ्या हातात घेऊन उभे राहिले तेव्हा त्यांच्यापाशी तो नव्हता.

पाटील आले होते, बुवांनी स्वतः जाऊन हात धरून आणलं म्हणून. खांबापाशी बसले होते. शेजारी कपाळाला पट्टी बांधलेला गेणू. त्यांच्याभोवतीची जागा मोकळी होती.

बुवांनी नमन केलं आणि पेटीवाल्याला हातानं थांबवलं.

"आज आख्यान नाही. मी बारामतीला जाऊन आलो. पाटलांनी कुणाच्या कानाला लागून काही सांगितलं नाही. म्हस्कूनं नाही. कुणीच नाही. परवा मी इथं जे बोललो, त्यानं एका चांगल्या माणसाला डाग लागला. मी पाटलांची क्षमा मागतो."

त्यांनी खरोखरच वाकून नमस्कार केला. देवळात कुजबुज उठली.

"मंग कोन, बुवा?" मागून आवाज आला. "आपोआप झालं व्हय?"

"पाटलानं बुवास्नी बिदागी दिली असंल!" आणखी एकजण म्हणाला, आणि थोडे हसले.

 हसू वाढत गेलं. पाटील उठायला लागले.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं छबूबाई उभी राहिली. बोलायच्या आधी तिनं डोईवरचा पदर नीट केला.

"हसू नगा. मी केलं ते. त्या दिशी धोंडाच्या दारात माझी म्हस बांधली. भांडी मी गोळा केली. ती नादारी गरिबाची व्हती न् मी घर सावकाराचं केलं. चहाडी कुनी न्हाय केली. माझ्या हातानं झालं."

 मग बानूबाई बसल्या बसल्याच म्हणाली, "घंगाळ माझं व्हतं."

"जाजम आमचं," एक म्हातारा खाकरला.

"उतरंडीतल्या कळशा आमच्या," दुसरी कुणी बोलली. मग आणखी एक. मघाशी हसलेल्यांपैकीही एकजण होता. त्याच्या घरचा हंडा होता.

छबूबाई धोंडाबाईकडं बघत होती. सारं देऊळ बघत होतं. धोंडाबाई बसल्या जागेवरून उठली.

"मी नगं म्हनायला पायजे व्हतं," ती म्हणाली. "पर म्हनलं न्हाय. मला बी बरं वाटलं गं, छबू. एक दिस का हुईना, घर भरल्यालं दिसलं."

छबूबाई तिच्या गळ्यात पडली आणि मोठ्यानं रडली. धोंडाबाई तिच्या पाठीवर थोपटत राहिली. रडायला हवं होतं ते हिनं, आणि समजूतही हीच घालत होती.

आरती कशीबशी झाली. प्रसाद घेऊन माणसं खाल मानेनं पांगली. जाताना बरेचजण पाटलांपाशी थांबले, काहीतरी पुटपुटले.  सगळे गेल्यावर पाटील बुवांजवळ आले.

"बुवा, एक गोष्ट तुमच्यापाशी बोलून ठिवतो. पोरगं बारामतीहून परत आलं ना, त्याच दिशी मी घरात बोललो व्हतो, ह्येची फी आपन भरू. यंदा गुळाला भाव न्हाय, गावात कुनाच्या गाठीला रोकड न्हाय, पर माझं भागलं असतं. गेनूला बी घालनार व्हतो संगं. दोघं मिळून गेली असती. सकाळी धोंडाबाईकडं जानार, तर तवर गावानं मला चोर ठरवल्यालं."

"पाटील, अजून उशीर झालेला नाही..."

"व्हय, शाळेला उशीर न्हाय." पाटलांनी गेणूच्या खांद्यावर हात ठेवला. "त्या पोराला राग यायचाच, हे मला बी कळतं. आज त्या बाईनं कबूल केलं, तवा वाटलं, उद्या धोंडाबाईकडं जावं. पर हे कपाळ बघितलं की हात मागं येतो. माझ्यानं हुनार न्हाय, बुवा. देवापुढं खोटं कशाला बोलू?"

आयुष्यभर लोकांना क्षमेची आख्यानं सांगणाऱ्या बुवांना त्या घटकेला एकही आठवलं नाही. त्यांनी पाटलांपुढं हात जोडले. पाटलांनीही जोडले आणि पुतण्याला घेऊन ते पायऱ्या उतरले.

सकाळी बुवांची गाडी इंदापूरच्या वाटेला लागली. गावाबाहेर म्हस्कूचं गुऱ्हाळ लागतं. चुलाणापाशी बिरू चिपाडं ओढत होता. बुवांना बघून तो धावत गाडीपाशी आला. चेहरा राखेनं माखलेला.

"बुवा, गेनूचं कपाळ लई दुखतंय का?"

"जाऊन विचार की त्यालाच."

"गेलो व्हतो सकाळी." बिरूनं गाडीच्या चाकाला धरलं. "त्येनी दार लावून घेतलं."

बुवांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तेवढ्यात मागून म्हस्कूनं हाक दिली.

"बिरू! जाळ मंदावला रं!"

"आलो, तात्या," बिरू म्हणाला, आणि चाक सोडून पळत गेला.